तळाचा गाळ

माझ्या काकाच्या नाकातून शिट्टी वाजते. जागेपणी बारीक, झोपेत कूस बदलली की मोठी. लहानपणी आम्हा पोरांना वाटायचं, काकाला बारमाही सर्दी आहे. अकरावीत रसायनशास्त्र घेतलं त्या वर्षी मी त्याला खोदून विचारलं. त्यानं देवापुढची उदबत्तीची जळून उरलेली काडी उचलली, एका नाकपुडीतून घातली आणि दुसरीतून बाहेर काढून दाखवली. मधल्या पडद्याला आरपार भोक होतं.

"दुखत नाही गं," म्हणाला. "आमच्यात सगळ्यांनाच पडतंय."

'आमच्यात' म्हणजे हार्ड क्रोमच्या, लोखंडावर क्रोमियमचा थर चढवणाऱ्या कामगारांत. बेळगावात ओतकाम आणि हायड्रॉलिक्स हे दोन धंदे किती घरांना पोसतात ते बाहेरच्यांना पटकन कळत नाही. आम्ही अनगोळचे. अनगोळ, मजगावातून सकाळी सायकली निघायच्या त्या उद्यमबागेच्या दिशेनं. कुणी मोल्डर, कुणी फेटलर, कुणी टर्नर. माझे वडील मोल्डर होते. काळ्या वाळूत साचे दाबायचे, भट्टीतून वितळलेलं लोखंड सोडलं की लॅडल, म्हणजे ते धरायची मोठी पळी, घेऊन धावायचे. काका प्लेटिंगला. आमच्या घरात धुण्याच्या दगडावर दोन रंग यायचे. वडिलांच्या कपड्यांचं पाणी काळं, काकाच्या कपड्यांचं पिवळं. आई दोघांचे कपडे वेगळे धुवायची, कारण पिवळ्या पाण्यानं तिच्या बोटांना भेगा पडायच्या. ते पाणी मोरीतून जायचं, मोरीतून गटारात, आणि मग ते 'गेलं' असं आम्ही समजायचो.

जेसीबीच्या हाताला किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला उचलणारा जो चकचकीत दांडा असतो, त्याच्यावरचा चकाकता थर क्रोमियमचा. तो चढवायला लोखंडी दांडा क्रोमिक आम्लाच्या गरम हौदात बुडवून वीज सोडतात. त्या विजेतला फार थोडा भाग थर चढवण्याच्या कामी येतो. बाकीची वीज पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते, आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना आम्लाचा एक सूक्ष्म तुषार हवेत उडवतो. हौदावर धूर ओढणारे पंखे बसवले, पृष्ठभागावर प्लॅस्टिकचे गोळे तरंगत ठेवले तर ते तुषार बरेच अडतात. काका जिथं होता तिथं पंखा होता, पण आवाज करतो आणि बिल वाढवतो म्हणून बंद असायचा. त्या हवेत दिवसभर श्वास घेतला की आधी नाकात खपली धरते, मग पडदा झिजतो. ह्या पिवळ्या क्रोमियमला रसायनशास्त्रात सहा संयुजेचं, हेक्साव्हॅलंट म्हणतात. त्यानं फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. काकाला तो झाला नाही, ह्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. त्याच्या दोन सोबत्यांबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

आता मी बेळगावातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या वर्गात दरवर्षी एक गणित घालते. हार्ड क्रोमच्या हौदात एका लिटरमागं साधारण २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असतं. त्यातला वजनानं ५२ टक्के भाग क्रोमियमचा, म्हणजे १३० ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात क्रोमियम किती चालतं, तर आपल्या मानकाप्रमाणं लिटरमागं ०.०५ मिलिग्रॅम. मग हौदातलं एक लिटर पाणी सांडलं, तर ते पिण्याजोगं व्हायला त्यात किती पाणी मिसळावं लागेल? पोरं शून्यं मोजत बसतात. उत्तर येतं २६ लाख लिटर. दहा हजार लिटरचे २६० टँकर. मागच्या वर्षी एका मुलीनं उत्तर काढलं आणि पेन्सिल ठेवून म्हणाली, "बाई, पण मग पातळ केलं तरी क्रोमियम तेवढंच राहिलं की."

तेवढंच राहतं. ह्या विषयातलं सगळ्यांत अवघड वाक्य हेच आहे आणि ते त्या पोरीनं बरोबर धरलं. शेण, खरकटं, माणसाचा मैला ह्यांना पाण्यातले जंतू खाऊन संपवतात, नदीला वेळ आणि हवा मिळाली की ती सावरते. धातूला खाणारं कुणी नाही. तो रूप बदलतो, जागा बदलतो, कशाला तरी चिकटतो, कुणाच्या तरी अंगात शिरतो. शिसं शिसंच राहतं, कॅडमियम कॅडमियमच.

पिवळं पाणी गटाराच्या काळ्या पाण्यात पडलं की थोड्या वेळात पिवळेपणा जातो. बघणाऱ्याला वाटतं, विरलं. खरं म्हणजे सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीनं त्याचं तीन संयुजेचं, हिरवट, कमी विषारी रूप केलेलं असतं, आणि ते रूप पाण्यात राहत नाही. ते गाळाला चिकटतं. प्लेटिंगचं पाणी नीट शुद्ध करायचं तरी मुद्दाम हेच करतात. आम्ल घालून सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळ्याचं हिरवं होऊ द्यायचं, मग चुन्यानं धातू साखळवून तळाशी आणायचा, गाळ दाबून वेगळा करायचा आणि धोकादायक कचऱ्याच्या जागी पाठवायचा. ह्यात अवघड विज्ञान काही नाही. पैसे लागतात, जागा लागते आणि शेवटी हातात उरलेल्या गाळाचं काय करायचं ह्याचं उत्तर लागतं. जिथं हे केलं जात नाही तिथं तेच काम नाला करतो. फक्त नाल्याचा गाळ कुणी दाबून वेगळा काढत नाही.

आमच्या शहराच्या दक्षिणेचं पाणी बळ्ळारी नाल्यानं वाहतं. वडगाव, शहापूरच्या शिवारातून, हलग्याच्या बाजूनं पुढं मार्कंडेय नदीला मिळतं. ह्याच शिवारात बेळगावचा बासमती पिकायचा. आता पावसाळ्यात नाला फुगला की काळं पाणी उभ्या भातात आठवडा-आठवडा तुंबतं. पाणी उतरल्यावर बांधावर आणि रोपांच्या बुडाशी जो लेप राहतो, तो मी हातात घेऊन बघितलेला आहे. त्याला रॉकेलसारखा वास येतो. शेतकरी भरपाई मागतात ती बुडालेल्या पिकाची. बसलेल्या लेपाची भरपाई कुठल्या अर्जात मागायची, ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आणि पालेभाजी ही मातीतलं कॅडमियम उचलण्यात फार तरबेज. पालक, मेथी, कोथिंबीर. ज्या भाज्या नाल्याच्या कडेला जोमानं येतात, त्याच.

हे झालं पूर्वेचं पाणी. मला सांगायचं आहे ते पश्चिमेच्या पाण्याजवळ उभं राहून.

माझी आत्या गोव्यात दिलेली, चोडण बेटावर. आम्ही मुळात खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या पुढचे. त्या भागातली पोर घाटाखाली देणं नवीन नाही. गेल्या वैशाखात काकाला घेऊन मी आत्याकडं गेले. त्याला घाटाखालची गरम हवा सोसत नाही, पण बहिणीला भेटून चार वर्षं झाली होती.

जांबोटी सोडून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं की कणकुंबी येते. माउलीच्या देवळापाशी आम्ही थांबलो. मलप्रभेचा उगम तिथला. ती पूर्वेला निघते, सौंदत्तीवरून कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. आणि थोड्या अंतरावर, त्याच डोंगरांतून, म्हादईचं पाणी पश्चिमेला उतरतं आणि मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्राला मिळतं. एका ढगाचं पाणी, पाठीला पाठ लावून दोन समुद्रांना. काका पायरीवर बसून म्हणाला, "मग आपल्या हौदाचं पाणी आत्याकडं जात नाही तर."

"नाही, ते कृष्णेला जातं."

"बरं झालं," म्हणाला आणि शिट्टी वाजवत श्वास सोडला. त्याच्या तोंडावरचं ते सुटल्यासारखं हसू मला गाडीत बसल्यावरही दिसत राहिलं. म्हणून मी बोलले नाही. कृष्णेच्या समुद्रापर्यंत तो गाळ जायची गरजच नाही, हे मी त्याला सांगायला हवं होतं. मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला मिळते, घटप्रभा आलमट्टीच्या फुगवट्यात शिरते, आणि धरणाचं थांबलेलं पाणी आपल्या अंगातला गाळ खाली टाकतं. त्याच्या पुढं नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर. समुद्राच्या तोंडाशी जे घडतं, त्यातला बराचसा भाग आपण धरणं बांधून वाटेतच घडवून ठेवलेला आहे.

म्हादईबद्दल आमच्याकडं सगळ्यांना सगळं माहीत असतं. तिच्या कळसा, भांडुरा ह्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेकडं वळवण्यावरून कर्नाटक-गोव्याचं भांडण, लवाद, मोर्चे, बंद. १४ ऑगस्ट २०१८ ला लवादानं निकाल दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. आमच्या गल्लीतला चहावालासुद्धा हे आकडे दशांश चिन्हासकट सांगेल. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. इतकी वर्षं भांडण चाललं ते किती पाणी कुणाचं ह्यावर. त्या पाण्यात काय आहे आणि ते शेवटी कुठं बसतं, ह्यावर मी एकही मोर्चा बघितलेला नाही. मी हे कुणाला टोचून म्हणत नाही. मलप्रभेच्या काठची तहान खरी आहे, गोव्याची भीतीही खरी आहे. पण पाणी आकड्यांत मोजायची सवय लागली की पाण्याच्या पोटातलं वजन नजरेतून सुटतं.

चोर्ला उतरून केरी, साखळी, डिचोली. डिचोलीच्या आसपास रस्त्याच्या कडेला लाल डोंगर दिसतात ते निसर्गानं केलेले नाहीत. एक टन लोहखनिज काढायला अडीच ते तीन टन माती बाजूला टाकावी लागते, तिचे ते ढीग. ऐन भराच्या काळात, २०१० च्या आसपास, गोव्याहून वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात खनिज बोटीला लागत होतं. ट्रकांतून धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जमध्ये, आणि मांडवी-जुवारीतून मुरगावला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे थांबवलं, २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून सोडलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ परवान्यांचं नूतनीकरण रद्द केलं. काका खिडकीतून ते ढीग बघत होता. त्याला आठवत होतं ते वेगळंच. "गोव्यातनं पिग आयर्न यायचं की आपल्या फाउंड्रीला," म्हणाला. "तुझ्या बाबानं भट्टीत घातलेलं लोखंड ह्या डोंगरातलंच असंल." असेलही. वडील गेले त्याला आता सहा वर्षं झाली.

डिचोलीहून मयेमार्गे आम्ही चोडणला पोचलो तेव्हा ओहोटी होती. आत्या घरात नव्हती. गुडघाभर चिखलात, साडीचा काष्टा मारून, आणखी तिघीचौघींबरोबर तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, वेचत होती. सत्तरीला आलेली बाई. पायाच्या अंगठ्यानं चिखल चाचपायचा, शिंपला लागला की वाकून उचलायचा. माहेरच्या माणसांना बघून तिनं तिथूनच हात केला, पण टोपली भरेपर्यंत बाहेर आली नाही.

समुद्राची भरती मांडवीत किती आत जाते हे कळल्यावर मला आश्चर्य वाटलं होतं. मुखापासून सुमारे ५० किलोमीटर, गांज्यापर्यंत. नदीची सगळी लांबीच ऐंशी किलोमीटरच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त नदी ही खाडी आहे, दिवसातून दोनदा खाली-वर होणारी. पावसाळ्यात वरून गोडं पाणी इतक्या जोरानं येतं की समुद्र पार मुखापर्यंत ढकलला जातो. उन्हाळ्यात वरचा झरा आटतो आणि खारं पाणी आत आत चढत जातं. ह्या खारटपणावर गोवेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या खाजनं, म्हणजे खाडीकाठची खारी शेतं, राखली. बांध घातले, पाणी आत-बाहेर सोडणारी मानशीची दारं बसवली, खाऱ्या मातीत तगणारं कोरगुट भात पिकवलं. खारं आणि गोडं पाणी एकमेकांत कसं मिसळायचं हे त्या माणसांना माझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कळत होतं.

संध्याकाळी आत्याच्या ओसरीवर मी एक प्रयोग केला. येताना खानापूरची माती आणली होती, कुंभारकामाला वापरतात ती, पिठासारखी मऊ. दोन काचेचे ग्लास घेतले. एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात तेच पाणी आणि वर एक चमचा मीठ. दोन्हींत चिमूटभर माती ढवळली आणि ठेवून दिलं. आत्याची नातवंडं, काका, शेजारची एक बाई, सगळे बघत बसले. पहिल्या ग्लासात पाणी गढूळच राहिलं, ताकासारखं. दुसऱ्यात थोड्या वेळानं कापूस फुटल्यासारखे बारीक पुंजके दिसायला लागले, खाली सरकायला लागले, आणि दिवेलागणीपर्यंत वरचं पाणी निवळलं. तळाशी लाल थर.

मातीच्या अगदी बारीक कणांवर सारख्याच जातीचा, ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळं कण गोड्या पाण्यात तरंगत दूर दूर वाहत जातात. मिठातले धन भाराचे आयन त्या कणांना वेढतात, ढकलणं कमी होतं, कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि बसतात. नदी डोंगरापासून जे जे वाहून आणते ते खारं पाणी लागताच खाली टाकते, त्याचं कारण हे. आणि नदीनं आणलेला धातू पाण्यात मोकळा फार थोडा असतो. बहुतेक धातू ह्याच बारीक कणांना, त्यांच्यावरच्या लोह-मँगनीजच्या गंजासारख्या थराला चिकटून आलेला असतो. म्हणून कारखान्यांच्या खालच्या खाडीत पाण्याची बाटली भरून तपासली तर बरेचदा सगळं ठीक दिसतं, आणि त्याच जागेचा मूठभर चिखल तपासला तर धातूचं प्रमाण हजारो पटींनी जास्त निघतं. कल्याण-अंबरनाथच्या खालच्या उल्हास खाडीत पारा सापडला तो असा, गाळात.

मांडवीच्या गाळात लोह आणि मँगनीज जास्त असणं मला समजू शकतं, आणि इथं घाई करून बोट दाखवणं बरोबर नाही. सगळा डोंगरच जांभ्याचा. खाण नसती तरी लोह आलंच असतं. मग माणसानं किती घातलं हे ओळखायचं कसं? १९६६ मध्ये स्थापन झालेली, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे काम करते. चिखलात पोकळ नळी दाबून उभा दांडा काढतात, त्याच्या चकत्या करतात आणि प्रत्येक चकतीचं वय शिशाच्या एका किरणोत्सारी प्रकारावरून ठरवतात. तो दर २२ वर्षांनी निम्मा होतो. मग प्रत्येक थरातला धातू ॲल्युमिनियमच्या तुलनेत मांडतात, कारण ॲल्युमिनियम मुख्यतः मातीतूनच येतं. खालच्या जुन्या थरांत प्रमाण एक असेल आणि वरच्या नव्या थरांत ते चढत गेलं असेल, तर तेवढी वाढ माणसाची. गावच्या तलाठ्याकडं जुना सातबारा असतो, तसा हा खाडीचा सातबारा. फेरफार झाला की नोंद होतेच.

लोह स्वतः मोठं विष नाही. पण लोहाचा तो लाल बारीक चिखल शिंपल्यांच्या जागांवर बसला तर त्यांना गुदमरवतो, आणि बाकीच्या धातूंना पाठीवर घेऊन फिरतो. चिखल खोल, काळा, हवा न लागलेला असेल तोवर गंधकाशी बांधला जाऊन धातू बराचसा गप्प असतो. तोच चिखल गाळ उपसण्याच्या यंत्रानं वर काढला की हवा लागते, गाठ सुटते आणि काही धातू पुन्हा पाण्यात उतरतात. कॅडमियमचं तर आणखी वेगळं. ते गोड्या पाण्यात कणाला चिकटून येतं आणि खाऱ्या पाण्यात क्लोराइडचा हात धरून मोकळं होतं. मँगनीजच्या गंजाची गाठ पडली तर हिरवं क्रोमियम परत पिवळं होऊ शकतं. खाडी म्हणजे सगळं पुरून टाकलेली जागा असं मानून चालत नाही. तिथं रोज देवघेव चालू असते.

त्या देवघेवीच्या मधोमध आत्याच्या तिसऱ्या. तिसरी पाणी गाळून जगते. दिवसाला कित्येक लिटर पाणी कल्ल्यांतून ओढायचं, बारीक कण ठेवून घ्यायचे, बाकी सोडून द्यायचं. आपण गाळणी लावतो तशी ती खाडीला लावलेली जिवंत गाळणी. आत्या आणलेल्या तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवते, म्हणजे पोटातली रेती त्या ओकून टाकतात आणि दाताखाली कचकच लागत नाही. मी विचारलं, "आत्या, रेती जाते. चिखलातलं बाकीचं?"

ती म्हणाली, "बाकीचं काय असतंय? उकळलं की सगळं मरतंय."

जंतू मरतात. मांसात उतरलेला धातू उकळून जात नाही, रात्रभर पाण्यात ठेवूनही जात नाही. माणसाच्या मूत्रपिंडात शिरलेलं कॅडमियम निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. शिसं हाडात बसतं. मी हे तिला सांगितलं का? अर्धं सांगितलं. तिच्या शेजारणीच्या मुलीचं कॉलेज ह्या टोपलीवर चाललेलं आहे. तिच्या खाडीतल्या तिसऱ्यांत किती काय आहे, हे दर हंगामाला तपासून पंचायतीच्या फळ्यावर लावायला हवं, तिला समजेल अशा भाषेत. हे तिला मी सांगणं न्याय्य नाही, ते ज्यांच्याकडं यंत्रं आणि अधिकार आहेत त्यांनी सांगायला हवं. नुसती भीती घालून मी घाट चढून निघून जाणार, आणि ती सोमवारी बाजारात बसणार.

आणि ह्या तिसऱ्या आमच्याकडंही येतात. घाटावर. रविवारी सकाळी बेळगावच्या मासळी बाजारात बर्फाच्या पेट्या उतरतात त्यांत बांगडे, तारली, कधी तिसऱ्या, कधी शिणाणे असतात. वरून आपण काय सोडलं हे खालच्यांना कळत नाही, खालून काय आलं हे वरच्यांना कळत नाही. म्हादई नदी एक, पण कणकुंबीच्या खालपर्यंत एका राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, पुढं दुसऱ्याचं. आम्ही सीमाभागातली माणसं. कुठली पाटी कुठल्या भाषेत आहे ह्यावर आमचं आयुष्य गेलं. पण ह्या एका बाबतीत मला दोन्हीकडच्या कचेऱ्यांना एकच अर्ज करावासा वाटतो, एकाच मजकुराचा, एक कन्नडमध्ये आणि एक कोकणीत. पाण्याबरोबर चिखलही तपासा. पिण्याच्या पाण्याला मानक आहे, कारखान्याच्या सांडपाण्याला आहे, १९७४ पासून कायदा आहे. नदीच्या गाळातल्या धातूला मात्र पाळायलाच हवं असं मानक आपल्याकडं नाही. संशोधक परदेशातली मानकं उसनी घेऊन तुलना करतात. आणि लहान प्लेटिंगवाल्यांना नुसती नोटीस देऊन भागत नाही. ज्याच्याकडं दोन हौद आणि चार माणसं आहेत तो स्वतःचं शुद्धीकरण केंद्र उभं करू शकत नाही. त्यांच्यासाठी एकत्र केंद्र हवं, आणि त्याचा गाळ उचलून नेणारी गाडी वेळेवर यायला हवी. गाडी आली नाही की काय होतं ते मला त्या रात्री कळलं.

जेवणं झाली होती. तिसऱ्यांचं सुकं काकानं दोनदा मागून घेतलं. ओसरीवर वारा होता, मानशीच्या दारातून पाणी शिरल्याचा आवाज येत होता. काका कधीपासून त्या दोन ग्लासांकडं बघत होता. मग त्यानं विचारलं, "मग ते कृष्णेकडं गेलेलं कुठं बसतंय?"

मी सांगितलं. मार्कंडेय, घटप्रभा, आलमट्टी. थोडं वाटेत, नाल्याच्या वळणांत, शहापूरच्या भातात.

तो बराच वेळ बोलला नाही. शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

"हौदाच्या तळाला पिवळा चिखल धरायचा," म्हणाला. "आतल्या शिशाच्या पट्ट्या झिजून. दोन-तीन वर्षांनी हौद रिकामा करून तो खरवडायला लागायचा. मालक म्हणायचा, गाडी येणार, उचलून नेणार. आम्ही पिंपात भरून मागच्या भिंतीला लावून ठेवायचो. गाडी काय यायची नाही. मग मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला की रात्री आम्ही दोघं-तिघं जाऊन ती पिंपं नाल्यात उपडी करायचो. सकाळपर्यंत सगळं धुऊन जायचं. एवढंसं पिवळं राहायचं नाही बघ."

"किती पिंपं?"

"सव्वीस वर्षांत?" त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबला. "मोजली नाहीत गं कधी."

तो चिखल शिशाचा क्रोमेट. शिसंही आणि पिवळं क्रोमियमही, एकाच कणात. पाण्यात जवळजवळ न विरघळणारा, त्यामुळं धुऊन गेला म्हणजे कुठं तरी जाऊन बसला. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या पोतडीत आयुष्यभराचं काम होतं आणि त्या कामानं आम्हा चार भावंडांची शाळा झाली होती. माझी पदवी त्या पिंपांच्या पगारावर झाली. पण तोच म्हणाला, "ते अजून तिथंच असंल, होय ना? कुजत नाही म्हणालीस."

"असेल."

आत्या आतून भांडी घासायला आली. ओसरीवरचे दोन्ही ग्लास तिनं उचलले. एकातलं पाणी अजून थोडं गढूळ होतं, ते तिनं अंगणात ओतलं. दुसऱ्यातलं वरचं निवळ पाणी ओतलं आणि तळाचा लाल थर बोटानं खरवडून हातावर घेतला.

"ही माती कुठं टाकू?" तिनं विचारलं.

काका उठला. तिच्या हातावरची माती त्यानं स्वतःच्या रुमालात घेतली, गाठ मारली आणि रुमाल सदऱ्याच्या खिशात ठेवला.